गोळ्यांच्या डब्याची साक्ष

मी गोळ्यांचा डबा. सात वार आणि रोजचे चार कप्पे, अशी अठ्ठावीस झाकणं मला आहेत. इतकी तोंडं असून मला एक शब्द बोलता येत नाही, आणि बोलता न आल्यामुळे एका घरात जे झालं ते मी मुकाट पाहिलं. योगिनी नावाच्या एका बाईला वाटतं की आपल्या हातून आपल्या आईचा जीव गेला. तसं झालेलं नाही. मी तिथेच होतो, फ्रीजवर, म्हणून सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. साच्यातून निघालो, झाकणांवर इंग्रजी अक्षरं उमटली आणि खोक्यात पडलो. ज्याने ती अक्षरं ठरवली त्याला डोकं कमीच असावं. मंगळवारलाही टी आणि गुरुवारलाही टी, शनिवारलाही एस आणि रविवारलाही एस. अहो, माझं गिऱ्हाईक कोण? विसरभोळी म्हातारी माणसं. त्यांना हे असलं कोडं घालायचं?

मग बडोद्यात आलो. मांडवीजवळच्या एका औषधाच्या दुकानात सात महिने हुकाला लटकून होतो. एका बाजूला गुडघ्याचे पट्टे, दुसऱ्या बाजूला गरम पाण्याची रबरी पिशवी. लोक यायचे, माझ्याकडे बघायचे आणि खोकल्याचं औषध घेऊन जायचे. गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून खिशात कोंबायची माणसांना फार हौस.

एके दिवशी माधवराव आले. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशात दोन पेनं. दुकानदार म्हणाला, “काका, आ लई जाव. रविवारे भरी दो, पछी आखुं अठवाडियुं शांति.” म्हणजे रविवारी एकदा भरला की आठवडाभर निवांत. माधवरावांनी मला हातात घेतलं आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस झाकणं उघडून, मिटून पाहिली. इतकं मन लावून मला कुणी पाहिलं नव्हतं. मी तेव्हाच त्यांचा झालो.

दांडिया बाजारात तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. माधवराव चौतीस वर्षं रिफायनरीत होते, कंट्रोल रूममध्ये, पाळीवर. पाळी बदलताना पुढच्या माणसाला सगळं लिहून द्यायचं, तोंडी काही ठेवायचं नाही, ही त्यांची शिस्त. घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर पक्क्या शाईच्या पेनाने माझ्या झाकणांवर मराठीत वार लिहिले. सो, मं, बु, गु. त्या इंग्रजी अक्षरांची एकदाची जिरली.

मला आणलं ते त्यांच्या बायकोसाठी, निरुपमाबाईंसाठी. बाई शाळेत गणित शिकवायच्या. मग विसरायला लागल्या. आधी गॅस, मग किल्ल्या, मग शेजारणीचं नाव. गोळ्या घेतल्या हे विसरून त्या पुन्हा घ्यायच्या, कधी उशीखाली लपवायच्या. एकदा संध्याकाळच्या गोळ्या तासाभरात दोनदा पोटात गेल्या आणि माधवरावांची पाचावर धारण बसली. त्याच आठवड्यात मी आलो.

दर रविवारी चहा झाला की माधवराव टेबलावर वर्तमानपत्र पसरायचे, चष्मा चढवायचे आणि मला भरायचे. रक्तदाबाची, आठवणीची, पोटाची, आणि एक फिकट हिरवी, साखरेची. दिसायला ती सगळ्यांत लहान. पण डॉक्टरांनी तिच्याबद्दल बजावून सांगितलं होतं की पोटात अन्न नसेल तर ही द्यायची नाही, साखर एकदम खाली जाईल, माणूस हातचं जाईल. ते वाक्य माधवरावांनी कागदावर लिहिलं आणि खाली लाल रेघ मारली.

आता खरी अडचण सांगतो. निरुपमाबाई लग्नाआधीपासून संकष्टी करायच्या. दिवसभर उपास, चंद्र दिसला की नैवेद्य दाखवून जेवायचं. साखरेचं दुखणं लागलं तेव्हा डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितला. मुलगा अनय पुण्याहून फोनवर म्हणाला, “बाबा, बंद म्हणजे बंद. तुम्ही आईपुढे नेहमी विरघळता.” मुलगी योगिनी इथेच बडोद्यात, निजामपुऱ्यात राहते, शाळेत शिकवते. तिनेही तेच सांगितलं. माधवराव दोघांना म्हणाले, “बंद केलाय. कॅलेंडरसुद्धा उतरवलंय भिंतीवरून.”

कॅलेंडर उतरवलं होतं, हे खरं. पण त्याने झालं काय, की बाईंना तिथी कळेना आणि मग रोजच चतुर्थी व्हायला लागली. मुलांची नावं चुकायची, स्वतःचं वय चुकायचं, पण सकाळी आंघोळ करून आल्या की म्हणायच्या, “अहो, आज माझी चतुर्थी आहे हं. मी काही खाणार नाही.” मी पडलो वारांचा माणूस. मला सोमवार कळतो, मंगळवार कळतो, चतुर्थीचा कप्पा माझ्यात नाही. उपास असो नसो, हिरवी गोळी आपली सकाळच्या घरात बसलेलीच.

माधवरावांनी पहिले काही दिवस समजावून पाहिलं. बाई रडायच्या, ताट सरकवून द्यायच्या. मग एक दिवस सकाळी नऊ वाजता, लख्ख उन्हात, माधवराव गॅलरीत गेले, वर पाहिलं आणि म्हणाले, “निरू, ये गं. उगवला.”

बाई आल्या. समोरच्या इमारतीमुळे तिथून आभाळाचा तुकडाच दिसतो. बाईंची नजर आधीपासून अधू, लग्न झाल्यापासून चंद्र बघायचं काम माधवरावांचंच. दुसरी पाळी करून आले की आधी गच्चीवर जायचे, मग घरात. त्यामुळे बाईंनी विचारलं एवढंच, “तुम्हाला दिसला ना?”

“दिसला की.”

“मग झालं.” त्यांनी पळीने पाणी सोडलं, अक्षता वाहिल्या, हात जोडले. माधवरावांनी उपम्याच्या ताटलीत गुळाचा खडा ठेवला, देवाला दाखवला आणि बाई शहाण्यासारख्या जेवल्या. त्यानंतर माझं झाकण उघडलं.

तेव्हापासून रोजचा हाच क्रम. आधी चंद्र, मग उपमा, मग मी. साडेतीन वर्षं एकदाही चूक झाली नाही. मला त्या दोघांचं फार कौतुक वाटायचं. पण माधवरावांना मात्र लाज वाटायची. चौतीस वर्षांत ज्याने नोंदवहीत एक खोटा आकडा लिहिला नाही, तो माणूस रोज सकाळी देवासमोर खोटा चंद्र उगवत होता. देव्हाऱ्यापाशी उभे राहून ते हळूच म्हणायचे, “माफ कर रे बाबा.” योगिनी रविवारी दुपारी यायची तोवर सगळं उरकलेलं असायचं. तिला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

मग माधवरावांच्या मोतीबिंदूचं ठरलं. मंगळवारी सकाळी सातला दवाखान्यात जायचं, दुपारी तीनपर्यंत परत. योगिनीने शाळेतून रजा घेतली आणि आदल्या संध्याकाळीच राहायला आली. माधवरावांनी तिच्यासाठी कागद लिहिला. पाळी बदलताना द्यायचे तसाच, मोठ्या अक्षरात, एकाखाली एक. आंघोळ किती वाजता, नाश्ता काय, नाश्ता पूर्ण झाल्याशिवाय सकाळचा कप्पा उघडायचा नाही, डॉक्टरांचा नंबर, शेजारच्यांचा नंबर. सहाव्या ओळीत लिहिलं होतं, ‘आई चिडली, वेडंवाकडं बोलली तर वाद घालू नकोस. पडून राहू दे. झोपली की आपोआप शांत होते.’ कागद माझ्याखाली, फ्रीजच्या दारावर चुंबकाने लावला. मी तो दहादा वाचला. चंद्राची ओळ त्यात नव्हती.

सकाळी रिक्षा खाली आली. माधवराव पायात चपला घालून दारापर्यंत गेले आणि मागे आले. योगिनीकडे पाहिलं. “ऐक ना, आईचं सकाळचं जरा...”

“बाबा, कागदावर आहे ना सगळं?”

“आहे. म्हणजे, ती कधी म्हणते की...”

“मी बघते. चला ने बाबा, रिक्षावाला हॉर्न मारतोय.”

ते थांबले. तोंडापर्यंत आलेलं त्यांनी गिळलं आणि गेले. मी माझी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस झाकणं फाडून ओरडलो असतो. पण प्लॅस्टिकला कसला आवाज.

साडेआठला बाई आंघोळ करून आल्या. म्हणाल्या, “आज माझी चतुर्थी आहे.”

योगिनीने उपमा वाढला होता. ती म्हणाली, “आई, चतुर्थी झाली मागच्या आठवड्यात. आणि उपास बंद केलेत ना तुझे डॉक्टरांनी? खा बरं गरम गरम.”

“यांना विचार. हे कुठेत?”

“बाबा दवाखान्यात गेलेत डोळ्याच्या. येतील. तू खा.”

शाळेत तीस वर्षं पोरांच्या लबाड्या पकडलेल्या बाई त्या. वाद करून उपयोग नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं असावं. म्हणाल्या, “बरं, खाते.”

योगिनीचा फोन वाजला. दवाखान्यातून होता, माधवरावांच्या कुठल्यातरी जुन्या तपासणीचा कागद सापडत नव्हता. ती आतल्या खोलीत कपाट उघडून शोधायला गेली. चार मिनिटं गेली असतील, जास्त नाही. तेवढ्यात बाई उठल्या. टेबलावरचं वर्तमानपत्र घेतलं, त्याचं पान फाडलं, उपमा त्यात ओतला, नीट चौकोनी पुडी केली आणि देव्हाऱ्याच्या मागे सरकवली. ताटली चमच्याने निपटून घेतली. मग खुर्चीत येऊन बसल्या आणि पदराने तोंड पुसलं. उपास मोडला नाही, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं.

योगिनी परत आली. रिकामी ताटली पाहून तिला इतका आनंद झाला की तिने आईच्या गालाला हात लावला. “शाब्बास.” मग तिने कागद पुन्हा वाचला, बोट ठेवून वाचला. फ्रीजवरून मला काढलं, मंगळवार सकाळचं झाकण उघडलं, गोळ्या तळहातावर घेतल्या आणि एक एक करून दिल्या. औषधाने उपास मोडत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक. त्यांनी निमूट घेतल्या. योगिनीने कागदावर बरोबरची खूण केली. एकदाच दिल्या गोळ्या. मंगळवारचं एकच झाकण उघडलं. बुधवारला तिचा हातही लागला नाही.

अकराच्या सुमारास बाईंना घाम सुटला. हात थरथरायला लागले. त्या योगिनीला “कोण तुम्ही? माझ्या घरात कशाला आलात?” असं म्हणाल्या, तिचा हात झटकला. योगिनीला रडू आलं, पण ती धावत कागदापाशी आली. सहावी ओळ. वाद घालू नकोस, पडून राहू दे. तिने आईला पलंगावर झोपवलं, पंखा मोठा केला. बाई हळूहळू शांत झाल्या. योगिनी फ्रीजला टेकून उभी राहिली आणि स्वतःशी म्हणाली, “बाबा बरोबर सांगतात.”

शुगर उतरली की माणूस असंच करतो, घामाघूम होतो, भलतंसलतं बोलतो. पण विसरायचा आजार असलेलं माणूस एरवीही भलतंसलतं बोलतं. वेगळं काय ओळखणार बिचारी? मला कळत होतं, कारण मला पुडी माहीत होती.

तीनला माधवराव आले, एका डोळ्यावर पट्टी. “निरू झोपली?” म्हणून आत गेले. चादर भिजून चिंब झाली होती. त्यांनी हाक मारली, हलवलं, मग धडपडत साखर मोजायचं यंत्र आणलं. एका डोळ्याने आकडा दिसेना म्हणून योगिनीला वाचायला लावला. ती म्हणाली, “अठ्ठावीस.” सत्तरच्या खाली गेली तरी धोका, हे माधवरावांना ठाऊक होतं. योगिनीने फोन केला, गाडी आली, बाईंना घेऊन गेले.

पुढचं मी त्यांच्या बोलण्यातून ऐकलं. डॉक्टरांनी विचारलं, जेवल्या होत्या का? योगिनी म्हणाली, हो, ताटली रिकामी होती. मग डॉक्टर म्हणाले, खाऊन साखर इतकी कशी उतरेल? घाईत गोळी दोनदा तर गेली नाही ना? बस्स. तो प्रश्न योगिनीच्या डोक्यात बसला.

माझ्यावरून खरं-खोटं करता आलं असतं. बुधवारपासून शनिवारपर्यंत माझे सगळे कप्पे भरलेले होते, मोजले असते तर एकही गोळी कमी भरली नसती. पण बुधवारी सकाळी माधवराव कपडे न्यायला घरी आले, माझ्यासमोर उभे राहिले, काय वाटलं कोण जाणे, मला उचलून कचऱ्याच्या बादलीवर उलटं केलं. त्यांनी मुद्दाम काही केलं नाही, राग होता तो. दहा वाजता महानगरपालिकेची कचऱ्याची गाडी आली. अकराला योगिनी धापा टाकत आली ती थेट माझ्याकडे. सगळी झाकणं उघडली. मी रिकामा. ती जमिनीवर बसून रडली, आणि मला पोटाशी धरून म्हणत राहिली, “एकदाच दिली ना रे मी? एकदाच ना?” आयुष्यात मला तेव्हा सगळ्यात वाईट वाटलं.

शुक्रवारी देव्हाऱ्यामागून वास येऊ लागला. माधवरावांनी हात घालून पुडी काढली आणि उघडली. त्यांना एका क्षणात सगळं समजलं असणार. त्यांनी पुडी पिशवीत घातली आणि स्वतः खाली जाऊन टाकून आले.

मी वाट पाहिली. आता सांगतील. माणूस वाईट नाही हो तो, अजिबात नाही. बाईंना तीन आठवड्यांनी घरी आणलं तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते, पण त्यात कुणी नव्हतं. नाकात नळी. माधवराव रात्रंदिवस कुशीवर वळवायचे, तेल लावायचे. आणि दुपारी घरात कुणी नसताना फ्रीजसमोर उभे राहून सराव करायचे. “योगिनी, तुझी काही चूक नाही. माझंच तुला एक सांगायचं राहून गेलं. ती त्या दिवशी जेवलीच नव्हती.” इतकं छान म्हणायचे. योगिनी आली की विचारायचे, “चहा टाकू?”

त्यांना सांगायचं नव्हतं असं नाही. पुडीचं सांगायचं तर चंद्राचं सांगावं लागणार, उपास बंद केल्याचं खोटं सांगितलं तेही सांगावं लागणार, आणि कागदात ती ओळ का नव्हती तेही. हे सगळं बोलायचा त्यांना धीर होईना. चार महिन्यांनी बाई गेल्या. तेराव्याला योगिनी म्हणाली, “बाबा, माझ्याच हातून झालं ना हे?” माधवराव म्हणाले, “सोड ना आता ते.” अनयही म्हणाला, “ताई, सोड.” कुणी ‘नाही’ म्हटलं नाही. ती दोन वर्षं हेच विचारत राहिली आणि ते दोन वर्षं हेच उत्तर देत राहिले.

मला कपाटात टाकलं होतं. या वर्षी पुन्हा बाहेर काढलं. आता गोळ्या माधवरावांच्या. गॅस सुरू ठेवून ते फिरायला गेले, मग घराचा रस्ता चुकले, मांडवीला एका ओळखीच्याने रिक्षात घालून आणून सोडलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बाईंना जे होतं त्याचीच ही सुरुवात आहे.

योगिनीने मला गरम पाण्याने धुतलं, पुसलं. मला भरताना ती दर गोळी तपासते. एक गोळी टाकते, फोनवर फोटो काढते, झाकण लावते, पुन्हा उघडून मोजते. शाळेतून मधल्या सुट्टीत फोन करते, “बाबा, दुपारचं झाकण उघडं आहे की बंद? बघून सांगा.” अजून चाळिशी उलटली नाही तिची, केस सगळे पिकलेत. स्वतःच्या मुलीला तापाचं औषध देत नाही म्हणे, नवऱ्याला द्यायला लावते.

गेल्या रविवारी मला भरता भरता ती थांबली. म्हणाली, “बाबा, एकदा खरं सांगा. त्या मंगळवारी मी आईला गोळी दोनदा दिली का?”

माधवराव वर्तमानपत्रातून वर बघत म्हणाले, “कुठल्या मंगळवारी?”

“तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं तेव्हा.”

ते आठवू लागले. कपाळाला आठ्या घातल्या, अगदी मनापासून प्रयत्न केला. मी बघत होतो. लपवताना त्यांची नजर खाली जायची, ती आता गेली नाही. पुडी, चंद्र, कागद, सगळं त्यांच्या डोक्यातून निघून गेलं होतं. लेक समोर रडवेली झालेली दिसत होती, तिला काहीतरी धीर द्यायला हवा एवढंच त्यांना कळत होतं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि फार मायेने म्हणाले, “दिली असशील बाळ. होतं असं कधी. मनाला लावून घेऊ नकोस.”

योगिनीने मान हलवली. मग माझं झाकण लावलं.

ती निजामपुऱ्यात राहते, मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते. तुमच्यापैकी कुणाला कधी भेटली तर तिला सांगा की तिने एकदाच दिली होती. मला सांगता येत नाही हो.